'अननोन टर्मिनल टाइप': एसएसएचने लॉगिन केल्यावर पुन्हा पुन्हा येणारी एरर आणि तिचा कायमचा बंदोबस्त

एसएसएचने (दूरच्या कॉम्प्युटरवर सुरक्षितपणे लॉगिन करून देणाऱ्या प्रोग्रॅमने) सर्व्हरवर लॉगिन व्यवस्थित होतं, प्रॉम्प्टही येतो. पण 'क्लिअर', 'नॅनो', 'टीमक्स' किंवा 'गिट लॉग' चालवलं की पुढच्यापैकी एखादी ओळ समोर येते:

'एक्सटर्म-किटी': अननोन टर्मिनल टाइप.
एरर ओपनिंग टर्मिनल: एक्सटर्म-घोस्टी.
ओपन टर्मिनल फेल्ड: मिसिंग ऑर अनसुटेबल टर्मिनल: अलाक्रिटी
वॉर्निंग: टर्मिनल इज नॉट फुली फंक्शनल
टर्म एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल नॉट सेट.

पहिली ओळ 'क्लिअर'ची, दुसरी 'नॅनो' किंवा 'एचटॉप'ची, तिसरी 'टीमक्स'ची (एकाच टर्मिनलमध्ये अनेक सेशन चालवणारा प्रोग्रॅम). चौथी 'लेस' देतो, म्हणून ती गिट लॉगमध्ये आणि मॅन पेज उघडतानाही दिसते. पाचवीचं कारण वेगळं आहे, तिच्याकडे नंतर येऊ.

यावर बहुतेक जण 'एक्सपोर्ट टर्म=एक्सटर्म' टाइप करून काम भागवतात. दुसऱ्या दिवशी नव्या सेशनमध्ये एरर परत हजर. मग तीच ओळ सर्व्हरवरच्या बॅशआरसीत (शेल सुरू होताना वाचली जाणारी फाइल) जाते, एरर गायब होते, आणि काही दिवसांनी टीमक्समधले रंग बिघडतात किंवा होम-एंड कीज दाबल्यावर भलतीच अक्षरं उमटतात. त्या दोन गोष्टींचा एकमेकांशी संबंध आहे हे तोवर कुणाच्या लक्षात राहत नाही. म्हणून आधी कारण समजून घेऊ. ते एकदा कळलं की दुरुस्ती फार तर दोन ओळींची आहे.

(कमांड इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. टाइप करताना नेहमीची रोमन अक्षरं वापरायची. 'टर्म' हे व्हेरिएबल मात्र पूर्ण मोठ्या अक्षरांत.)

नाव पोहोचतं, वर्णन पोहोचत नाही

तुमच्या कॉम्प्युटरवरचं टर्मिनल सुरू होताना 'टर्म' या व्हेरिएबलमध्ये स्वतःचं नाव लिहून ठेवतं. जीनोम टर्मिनल, कॉन्सोल, आयटर्म२ ही मंडळी 'एक्सटर्म-२५६कलर' असं सर्वपरिचित नाव घेतात. किटी 'एक्सटर्म-किटी', घोस्टी 'एक्सटर्म-घोस्टी', फूट नुसतं 'फूट' असं स्वतंत्र नाव सांगतात.

एसएसएच क्लायंट दूरच्या सर्व्हरकडे आभासी टर्मिनल मागतो, त्या मागणीतच हे नाव आणि खिडकीतल्या रकान्यांची व ओळींची संख्या पाठवतो. २००६ च्या आरएफसी ४२५४ या इंटरनेट मानकाच्या दस्तऐवजात हे स्पष्ट नोंदलेलं आहे. त्यामुळे 'लँग'सारख्या इतर व्हेरिएबलना दोन्ही बाजूंनी परवानगी लागते, तशी 'टर्म'ला लागत नाही. ते आपोआप पोहोचतं.

पलीकडचा प्रोग्रॅम मग हे नाव घेऊन सर्व्हरवरच्या टर्मइन्फो या डेटाबेसमध्ये शोधतो. स्क्रीन कशी पुसायची, कर्सर कसा हलवायचा, किती रंग आहेत, कोणती की दाबली की कोणता कोड येतो, हे सगळं तिथल्या नोंदीत असतं. नोंद तुमच्या कॉम्प्युटरवर आहे, कारण टर्मिनल इन्स्टॉल करताना ती सोबत आली. सर्व्हरवर तुमचं टर्मिनल कुणीच इन्स्टॉल केलेलं नाही, म्हणून तिथे ती नाही. एरर येते ती इथे.

ही व्यवस्था जुनी आहे. सत्तरच्या दशकात प्रत्येक कंपनीच्या टर्मिनलचे कोड निराळे असत. बिल जॉय यांनी बर्कलीत व्हीआय एडिटरसाठी टर्मकॅप ही वर्णनांची फाइल बांधली, पुढे मार्क हॉर्टन यांनी तिच्या जागी टर्मइन्फो आणला. आज एनकर्सेस (टर्मिनलवर स्क्रीन रेखाटायला प्रोग्रॅम वापरतात ती) लायब्ररी आणि तिच्यासोबतचा टर्मइन्फो डेटाबेस थॉमस डिकी सांभाळतात. आजची जवळपास सगळी टर्मिनल १९७८ च्या व्हीटी१०० चेच मूळ कोड बोलतात, त्यामुळे अनेकांना हा डेटाबेस आता कालबाह्य वाटतो. मला तसं वाटत नाही. मूळ कोड एक असले तरी कीज, रंग आणि पार्श्वभूमी पुसण्याच्या पद्धतीत फरक आहेतच, आणि नेमके तेच फरक त्रास देतात.

आधी तपासणी

सर्व्हरवर लॉगिन झाल्यावर या दोन कमांड द्या:

एको $टर्म
इन्फोकम्प > /डेव्ह/नल

इन्फोकम्पचं स्पेलिंग आय-एन-एफ-ओ-सी-एम-पी. दुसरी कमांड काहीही न बोलता संपली, तर नोंद सापडली. टर्मइन्फो फाइल उघडता आली नाही अशी तक्रार आली, तर नोंद नाही. पहिल्या कमांडचं उत्तर रिकामं किंवा 'डम्ब' असं आलं, तर प्रश्नच वेगळा आहे. थेट 'टर्म रिकामं असेल तर' या भागावर जा.

नोंद कुठे कुठे शोधली जाते हे बघायचं असेल तर 'इन्फोकम्प -डी' (मोठा डी) डिरेक्टरींची यादी देतो. साधारणपणे त्यात होम फोल्डरमधली '.टर्मइन्फो', मग '/ईटीसी/टर्मइन्फो', '/लिब/टर्मइन्फो' आणि '/यूएसआर/शेअर/टर्मइन्फो' यांपैकी काही असतात. आत नावाच्या पहिल्या अक्षराचे फोल्डर असतात, म्हणजे 'एक्सटर्म'च्या सगळ्या नोंदी 'एक्स' फोल्डरमध्ये. मॅकवर मात्र अक्षराऐवजी त्याचा हेक्साडेसिमल अंक असतो, 'एक्स'साठी ७८. मॅकवरून फाइल हाताने कॉपी करून लिनक्सवर टाकल्यावर 'फाइल आहे तरी सापडत नाही' असं होतं, त्यामागे बऱ्याचदा हेच कारण असतं.

आत्ता लगेच काम करायचं असेल तर

फक्त त्या एका कमांडपुरतं नाव बदला:

टर्म=एक्सटर्म-२५६कलर एचटॉप

पुढे 'एक्सपोर्ट' लावलेला नाही, त्यामुळे बाकी सेशनला धक्का लागत नाही. फारच जुना किंवा छाटलेला सर्व्हर असेल आणि ही नोंदही नसेल, तर 'एक्सटर्म', आणि तीही नसेल तर 'व्हीटी१००'. व्हीटी१०० वर रंग मिळणार नाहीत, पण एडिटर उघडेल.

खरी दुरुस्ती: नोंद सर्व्हरवर पोहोचवणं

सर्व्हर तुमचा असेल, किंवा तिथे तुमचं होम फोल्डर टिकून राहत असेल, तर हाच मार्ग घ्या. तुमच्या स्वतःच्या कॉम्प्युटरवर ही एक ओळ चालवायची:

इन्फोकम्प -एक्स एक्सटर्म-किटी | एसएसएच सर्व्हर -- टिक -एक्स -

'एक्सटर्म-किटी'च्या जागी तुमच्या टर्मिनलचं 'टर्म'मधलं नाव, 'सर्व्हर'च्या जागी तुमचं होस्टनेम. इन्फोकम्प नोंद मजकुराच्या रूपात बाहेर काढतो, पलीकडचा टिक (टी-आय-सी) ती कंपाइल करून तुमच्या होम फोल्डरमधल्या '.टर्मइन्फो'त ठेवतो. रूट (सर्व अधिकार असलेला युजर) असण्याची गरज नाही. शेवटचा डॅश विसरू नका, त्याचा अर्थ 'मजकूर पाइपमधून घे' असा आहे. दोन्हीकडचा '-एक्स' नव्या टर्मिनलांनी स्वतःहून जोडलेल्या क्षमता टिकवतो. तो गाळला तर नोंद तयार होते, पण अर्धवट.

टिक कधीकधी 'जुन्या आवृत्त्या वर्णनाच्या रकान्याला दुसरं नाव समजू शकतात' अशा अर्थाची सूचना देतो. ती दुर्लक्षिली तरी चालते, नोंद नीट बसलेली असते. खात्री करायला नव्याने लॉगिन करून पुन्हा इन्फोकम्प चालवा. गप्प राहिला की झालं.

तयार बायनरी फाइल थेट कॉपी का करायची नाही? एनकर्सेस ६.१ ही आवृत्ती २०१८ मध्ये आली, आणि तिच्यापासून मोठे आकडे साठवण्यासाठी बायनरीचा एक नवा साचा वापरात आला. जुन्या सर्व्हरवरची ५.एक्स आवृत्ती तो साचा वाचू शकत नाही. मजकूर पाठवला की कंपाइल तिकडेच होतं, त्यामुळे जे बनतं ते तिकडच्या लायब्ररीला समजणारंच असतं. हीच भानगड मॅकवर उलट्या दिशेने होते: मॅकओएससोबत येणारी एनकर्सेस जुनी असल्यामुळे तिथला इन्फोकम्पच काही नव्या नोंदी वाचताना अडखळतो. अशा वेळी होमब्रू या पॅकेज मॅनेजरमधून एनकर्सेस घ्या आणि त्यातल्या इन्फोकम्पचा पूर्ण पाथ देऊन वरची ओळ चालवा.

पॅकेजने काम होत असेल तर तेही उत्तम, विशेषतः सर्व्हरवर अनेक जण येत असतील तेव्हा. डेबियन आणि उबुंटूवर मुळात 'एनकर्सेस-बेस' असतं, ज्यात अगदी मोजक्या नोंदी आहेत. 'एनकर्सेस-टर्म' टाकलं की बाकीचा मोठा साठा येतो. किटीसाठी डेबियनमध्ये 'किटी-टर्मइन्फो' हे स्वतंत्र पॅकेज आहे. फेडोरा आणि रेड हॅटच्या कुळातही 'एनकर्सेस-टर्म' याच नावाने मिळतं. मात्र सर्व्हरची आवृत्ती जुनी असेल तर तिथल्या पॅकेजमध्ये तुमच्या नव्या टर्मिनलचं नाव नसण्याची शक्यता असते, आणि मग इन्फोकम्पची ओळच कामाला येते.

किटी वापरणाऱ्यांना 'किटन एसएसएच सर्व्हर' अशी कमांड उपलब्ध आहे, ती लॉगिनच्या वेळी नोंद स्वतःच पोहोचवते. घोस्टीच्या नव्या आवृत्त्यांतही शेल इंटिग्रेशनमध्ये अशी सोय आहे. रोज नव्या सर्व्हरवर जाणाऱ्यांनी ती चालू करावी.

सुडो केलं की एरर परत येते

यावर लोक खूप चक्रावतात. साधा 'लेस' चालतो आणि 'सुडो लेस' (म्हणजे रूटच्या अधिकाराने चालवलेला) पुन्हा तीच वॉर्निंग देतो. सुडो 'टर्म' व्हेरिएबल तसंच पुढे जाऊ देतं, पण होम फोल्डर बहुतेक ठिकाणी रूटचं होतं. नोंद आहे तुमच्या होममध्ये, शोध चालला आहे रूटच्या होममध्ये. म्हणजे नाव तेच, पण शोधण्याची जागा बदलली.

उपाय म्हणजे नोंद सगळ्या सिस्टिमसाठी बसवणं. पाइपमधून सुडोला पासवर्ड विचारता येत नाही, म्हणून दोन टप्प्यांत करा. आधी फाइल पाठवा:

इन्फोकम्प -एक्स एक्सटर्म-किटी | एसएसएच सर्व्हर 'कॅट > किटी.इन्फो'

मग सर्व्हरवर लॉगिन करून:

सुडो टिक -एक्स किटी.इन्फो

रूटने चालवलेला टिक नोंद सिस्टिमच्या डिरेक्टरीत ठेवतो, त्यामुळे दुसऱ्या युजरनाही ती मिळते. सर्व्हरवर 'एसयू' करून वेगळ्या सर्व्हिस युजरने काम करावं लागत असेल, तर सुरुवातीपासून हाच मार्ग धरा.

सर्व्हर आपल्या ताब्यात नसेल तर

नेटवर्कचे स्विच, छोटी उपकरणं, ज्यावर काहीही लिहायची मुभा नाही असे सर्व्हर. तिथे नाव बदलणं हाच पर्याय, पण ते बदल तुमच्या बाजूला करा, सर्व्हरच्या बाजूला नाही. तुमच्या कॉम्प्युटरवरच्या '.एसएसएच/कॉन्फिग' फाइलमध्ये:

होस्ट जुना-सर्व्हर
    सेटएन्व्ह टर्म=एक्सटर्म-२५६कलर

यासाठी तुमच्याकडे ओपनएसएसएच ८.७ किंवा त्यापुढची आवृत्ती हवी, ती ऑगस्ट २०२१ मध्ये आली. त्याआधीच्या काही आवृत्त्यांत 'सेटएन्व्ह' आहे, पण 'टर्म'वर त्याचा परिणाम होत नाही. आवृत्ती 'एसएसएच -व्ही' (मोठा व्ही) ने कळते. जुनी असेल तर लॉगिनच करताना 'टर्म=एक्सटर्म-२५६कलर एसएसएच जुना-सर्व्हर' असं द्या. हे सगळ्या आवृत्त्यांत चालतं.

नाव निवडताना थोडा विचार करा. किटी, घोस्टी, अलाक्रिटी यांना 'एक्सटर्म-२५६कलर' चांगलं जमतं. वळणदार अधोरेखा वगैरे खास गोष्टी जातात, बाकी फारसं काही अडत नाही. युआरएक्सव्हीटी या टर्मिनलचं तसं नाही. त्याच्या होम आणि एंड कीजचे कोड एक्सटर्मपेक्षा वेगळे आहेत, म्हणून त्याला 'आरएक्सव्हीटी' हेच नाव द्यावं. आणि टीमक्सच्या आतून एसएसएच करत असाल, तर सर्व्हरकडे तुमच्या टर्मिनलचं नाव जातच नाही, सहसा 'टीमक्स-२५६कलर' जातं. जुन्या सर्व्हरला ते ठाऊक नसेल तर 'स्क्रीन-२५६कलर' द्या, 'एक्सटर्म' देऊ नका. टीमक्सच्या मॅन्युअलमध्येच म्हटलं आहे की आतलं नाव 'स्क्रीन', 'टीमक्स' किंवा त्यांच्यापासून बनलेलं असावं. एक्सटर्म दिलं की पार्श्वभूमीचा रंग अर्ध्या ओळीत तुटणं, असे प्रकार सुरू होऊ शकतात.

बॅशआरसीबद्दल आता स्पष्ट बोलतो: 'एक्सपोर्ट टर्म=...' ही ओळ तिथे नसावी. कोणत्या टर्मिनलमधून लॉगिन झालं आहे हे बॅशआरसीला कळायला मार्ग नाही. टीमक्स, सिरियल कन्सोल, एडिटरच्या आतलं शेल, सगळ्यांना ती एकच खोटं नाव चिकटवते. तुमच्या सर्व्हरवर आधीच कुणी लिहून ठेवली आहे का, हे असं बघा:

ग्रेप -एन टर्म= ~/.बॅशआरसी ~/.बॅश_प्रोफाइल ~/.प्रोफाइल /ईटीसी/प्रोफाइल /ईटीसी/प्रोफाइल.डी/*

ज्या ओळीत 'कलरटर्म' (रंगांबद्दलचं दुसरं व्हेरिएबल) आहे ती वेगळी, तिच्यामुळे ही एरर येत नाही. उरलेल्या काढून टाका आणि नव्याने लॉगिन करा. बऱ्याच 'काही केल्या सुटत नाही' प्रकरणांचा शेवट इथेच होतो, कारण टर्मिनल योग्य नाव पाठवत असतं आणि दोन वर्षांपूर्वीची एक विसरलेली ओळ ते पुसून टाकत असते.

टर्म रिकामं असेल तर

'एसएसएच सर्व्हर टॉप' अशी कमांड थेट एसएसएचला दिली की आभासी टर्मिनल मागितलंच जात नाही. टर्मिनल नाही म्हणून नावही नाही, आणि पाचव्या प्रकारची एरर येते. 'एसएसएच सर्व्हर टीमक्स अटॅच' केल्यावर येणारी 'ओपन टर्मिनल फेल्ड: नॉट अ टर्मिनल' हीसुद्धा याच घरातली. उपाय:

एसएसएच -टी सर्व्हर टॉप

इथला 'टी' छोटा. मोठा टी नेमकं उलटं काम करतो. स्क्रिप्टमधून चालवताना एक 'टी' पुरत नसेल तर '-टीटी'. कंटेनरमध्ये 'डॉकर एक्झेक' करताना '-आयटी' लावलं की डॉकर 'टर्म=एक्सटर्म' स्वतः ठेवतं. पण छोट्या इमेजमध्ये टर्मइन्फोच्या नोंदी अत्यंत कमी किंवा मुळीच नसतात, तिथे बेस पॅकेज टाकावं लागतं.

क्रॉनमधून (ठरलेल्या वेळी कामं आपोआप चालवणारी सेवा) चालणाऱ्या स्क्रिप्टमध्ये हीच एरर लॉगमध्ये साचत असेल, तर तिथे खोटं नाव देऊन तोंड बंद करू नका. क्रॉनला स्क्रीनच नाही. स्क्रिप्टमध्ये 'क्लिअर' किंवा 'टीपुट' कशासाठी आहे ते बघा आणि त्या ओळी '[ -टी १ ]' या अटीत घाला, म्हणजे खरंखुरं टर्मिनल असेल तेव्हाच त्या चालतील. 'डम्ब' हे उत्तर आलं तर बहुधा तुम्ही ईमॅक्सच्या आतल्या शेलमध्ये आहात. ते नाव प्रामाणिक आहे, कारण त्या शेलला कर्सर हलवणं खरोखरच जमत नाही.

टर्मचा दोष वाटतो, पण नसतो

लांब कमांड टाइप करताना ओळ स्वतःवरच चढत असेल, तर बहुतेकदा प्रॉम्प्टमधल्या रंगांच्या कोडभोवती '\[' आणि '\]' लावायचं राहिलेलं असतं. ते ठीक असेल तर 'एसटीटीवाय साइज' चालवून आकडे तुमच्या खिडकीशी जुळतात का बघा. सिरियल कन्सोलवर आकार कुणी पाठवतच नाही, तिथे 'एसटीटीवाय रोज ४० कोल्स १२०' असा हाताने द्यावा लागतो ('रोज' म्हणजे आर-ओ-डब्ल्यू-एस, 'कोल्स' म्हणजे सी-ओ-एल-एस).

चुकून बायनरी फाइल 'कॅट' केल्यावर स्क्रीनवर चित्रविचित्र खुणा दिसू लागल्या, तर 'रीसेट'. टाइप केलेलं दिसत नसलं तरी टाइप करा. एंटर काम करत नसेल तर कंट्रोल-जे वापरा.

बॅकस्पेस दाबल्यावर '^?' उमटत असेल, तर 'एसटीटीवाय इरेज' लिहून एक जागा सोडा, कंट्रोल-व्ही दाबा, मग बॅकस्पेस, मग एंटर.

बाकी रंग ठीक, पण एडिटरची थीम सर्व्हरवर फिकी दिसते? तो 'कलरटर्म' हा वेगळा व्हेरिएबल. तो 'टर्म'सारखा आपोआप जात नाही. तुमच्या कॉन्फिगमध्ये 'सेंडएन्व्ह कलरटर्म' आणि सर्व्हरच्या एसएसएचडी कॉन्फिगमध्ये 'ॲक्सेप्टएन्व्ह कलरटर्म', दोन्ही लागतं.

आणि देवनागरी नावांच्या फाइली प्रश्नचिन्हांच्या रांगेसारख्या दिसत असतील, तर टर्मइन्फो कितीही नीट बसवला तरी फरक पडणार नाही. तिथे 'लोकेल' कमांड चालवा. उत्तरात 'यूटीएफ-८' दिसत नसेल तर 'लोकेल -ए' ने सर्व्हरवर काय काय उपलब्ध आहे ते बघा आणि 'लँग'ला त्यातलं यूटीएफ-८ असलेलं नाव द्या. बऱ्याच लिनक्स सर्व्हरवर 'सी.यूटीएफ-८' आधीपासून असतं, आणि फाइलींची नावं नीट दिसायला तेवढं पुरतं.